प्लॅबचे गुण, स्टेपचे गुण आणि रेसिडेन्सीचा अर्ज : पुण्यातल्या एका इंटर्नला उत्तर

इंटर्नशिपचे शेवटचे दोन महिने उरलेल्या पुण्यातल्या एका मुलीने अमेरिकेतल्या रेसिडेन्सीबद्दल, म्हणजे तिथल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाबद्दल, विचारलं आहे (स्टेप १, स्टेप २ सीके आणि स्टेप ३ हे युएसएमएलई या अमेरिकेच्या वैद्यकीय परवाना-परीक्षेचे टप्पे, आणि प्लॅब ही इंग्लंडची दोन भागांतली परवाना-परीक्षा) : "मॅडम, माझी स्टेप १ पास आहे. स्टेप २ सीकेला २३७ आले. सीनियर म्हणतात, २५० च्या खाली इंटर्नल मेडिसिनलासुद्धा कुणी विचारत नाही. मी त्याआधी प्लॅब १ दिली होती, त्यात कटऑफच्या बरेच वर गुण आहेत. ते अर्जात दाखवले तर २३७ ची भरपाई होईल का? प्लॅब २ पण देऊन टाकू का? बाबा शिक्षक आहेत, खर्चाचा विचार करावाच लागतो. आणि तिकडे काहीच नाही जमलं, तर इथे पीजीच्या प्रवेशाला या गुणांचा काही उपयोग?"

आधी सरळ उत्तरं देते. प्लॅबच्या गुणांनी २३७ भरून निघणार नाहीत. केवळ अमेरिकेच्या अर्जाला वजन यावं म्हणून प्लॅब २ देऊ नकोस. नीट-पीजीच्या प्रवेशात या दोन्ही परीक्षांना एका गुणाचीही किंमत नाही. पण २३७ बद्दल तुझे सीनियर जे सांगतात, तेही खरं नाही, आणि तेच नीट समजून घे.

मी एमबीबीएस बी. जे. मधून केलं, इंटर्नशिप ससूनला. मग अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी केली आणि नंतर तिथल्याच एका मध्यम आकाराच्या टीचिंग हॉस्पिटलात अकरा वर्षं रेसिडेंट मुलांना शिकवलं. त्यातली सहा वर्षं मी निवड समितीत होते. त्यानंतर पुण्यात प्रॅक्टिस करते आहे. म्हणजे अर्ज करणारी म्हणूनही मी हे पाहिलं आहे आणि अर्ज वाचणारी म्हणूनही. ज्या परीक्षांच्या आकड्यांवरून तुम्ही रात्र रात्र झोपत नाही, त्यांच्याकडे वाचणाऱ्याची नजर कशी जाते, ते सांगायचं आहे.

परवान्याची परीक्षा मुळात कशासाठी असते? समोरचा माणूस रुग्णाला धोका न पोहोचवता काम करू शकेल का, एवढंच ती तपासते. हुशारांची रांग लावणं हे तिचं काम नाही. प्लॅब १ मध्ये तीन तासांत १८० प्रश्न असतात आणि पास होण्याची रेषा दर वेळी परीक्षक-मंडळ त्या पेपरची काठिण्यपातळी पाहून ठरवतं. त्यामुळे रेषा कधी थोडी वर, कधी थोडी खाली. तू "कटऑफच्या बरेच वर" म्हणतेस, त्याचा अर्थ त्या दिवसाच्या पेपरपुरता. खुद्द इंग्लंडात जनरल मेडिकल कौन्सिल त्या गुणांवरून कुणाला वर-खाली लावत नाही. जिथे ती परीक्षा घेतली जाते तिथेच त्या आकड्याला वजन नाही, तर ओहायोतल्या किंवा मिशिगनमधल्या डॉक्टरला त्यातून काय कळणार?

आपल्याच गुणपत्रकाचं उदाहरण घे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात ६६-६७ टक्के मिळवणाऱ्या मुलाला आपण चांगला अभ्यासू म्हणतो, ७५ ला डिस्टिंक्शन, आणि ते मिळवणारे बोटांवर मोजण्याइतके. समितीत आल्यावर पहिल्याच वर्षी मी पाहिलं, माझ्या शेजारी बसलेल्या एका सज्जन प्राध्यापकांनी महाराष्ट्रातल्या एका मुलीचे ६८ टक्के बघून अर्ज बाजूला ठेवला. त्यांच्या देशात ६८ म्हणजे जेमतेम. मी त्यांना आपली पद्धत समजावून सांगितली, तेव्हा तो अर्ज परत ढिगात आला. पण दर खोलीत समजावून सांगणारं कुणी नसतं. जो आकडा वाचणाऱ्याच्या ओळखीचा नाही, तो तुझी बाजू मांडू शकत नाही. प्लॅबच्या गुणांचं तेच होतं.

अमेरिकेच्या अर्ज-यंत्रणेत, म्हणजे एरासमध्ये, गुणपत्रक थेट येतं ते युएसएमएलईचं आणि तिथल्या ऑस्टिओपॅथीच्या विद्यार्थ्यांच्या कॉम्लेक्सचं. प्लॅब, कॅनडाची, ऑस्ट्रेलियाची किंवा परदेशात शिकून आलेल्यांसाठीची आपली एफएमजीई या परीक्षांच्या गुणांसाठी तसा मार्गच नाही. तू बायोडेटात एक ओळ लिहू शकतेस. ती वाचून समितीतल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न हा येतो की या मुलीला नक्की कुठे जायचं आहे? मी स्वतः हा प्रश्न मुलाखतीत विचारलेला आहे. उत्तर देता येतं, पण तुझ्या मोजक्या पंधरा-वीस मिनिटांतली तीन मिनिटं त्यात जातात.

एक फरक मात्र लक्षात ठेव. प्लॅबनंतर कुणी इंग्लंडात खरोखर दोन वर्षं वॉर्डात काम केलं असेल, तर त्या कामाला किंमत आहे. हाताखालून रुग्ण गेले आहेत, वेगळ्या व्यवस्थेत रात्रपाळ्या केल्या आहेत, तिथल्या कन्सल्टंटने दोन पानी पत्र दिलं आहे, हे सगळं वाचलं जातं. एमआरसीपी ही तिथली मेडिसिनमधली पुढची परीक्षा झालेल्या अर्जदाराकडेही आम्ही आदराने पाहत असू. पण तो आदर पूर्ण केलेल्या शिक्षणाचा होता, त्यातले गुण कुणीही विचारले नाहीत.

आता युएसएमएलईकडे येऊ. स्टेप १ चा तीन आकडी गुण २६ जानेवारी २०२२ पासून बंद झाला, आता फक्त पास-नापास. मुलांच्या डोक्यावरचं ओझं कमी व्हावं हा हेतू होता. झालं असं की सगळं वजन स्टेप २ सीकेवर जाऊन पडलं, आणि बाहेरच्या देशांतल्या मुलांवर तर जास्तच, कारण त्यांच्या बाबतीत तुलना करायला समितीच्या हाती तेवढाच एक ओळखीचा आकडा उरतो. म्हणून "स्कोअरला महत्त्व आहे का?" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर मी देणार नाही. आहे. पण कुठे आहे आणि कुठवर आहे, ते पाहू.

सप्टेंबरच्या शेवटी अर्ज प्रोग्रॅमना दिसू लागतात. आमच्याकडे विसेक जागांसाठी तीन हजारांच्या आसपास अर्ज यायचे. तीन हजार अर्ज कुणीही वाचत नाही, वाचू शकत नाही. मग ऑफिसमधल्या कोऑर्डिनेटर बाई आम्ही ठरवून दिलेल्या चाळण्या लावत. परीक्षेत एकदाही नापास झालेला आहे का? पदवी मिळून किती वर्षं झाली? व्हिसा लागतो का? इसीएफएमजीचं, म्हणजे परदेशी पदवीधरांना तपासून प्रमाणित करणाऱ्या तिथल्या संस्थेचं, प्रमाणपत्र हातात आहे की यायचं आहे? आणि स्टेप २ चा आकडा ठरवलेल्या रेषेच्या वर आहे का? या चाळणीतून पाच-सहाशे अर्ज खाली उतरायचे. ते मात्र माणसं वाचत. आम्ही आठजण होतो, प्रत्येकाच्या वाट्याला सत्तर-ऐंशी. संध्याकाळी घरी जेवण झाल्यावर मी ते वाचत बसायचे.

चाळणीतून उतरलेल्यांमध्ये २६० वाला आणि २४१ वाला माझ्यापुढे एकाच गठ्ठ्यात यायचे. मग पाहायचं ते शिफारसपत्रं, त्याने स्वतःबद्दल काय लिहिलं आहे, मधली वर्षं कशात गेली. मुलाखतीनंतर फेब्रुवारीत आम्ही पसंतीक्रम लावायला बसत असू, तेव्हा तर आकडा क्वचितच उच्चारला जाई. तेव्हाची चर्चा अशी असे : रात्री दोन वाजता हा मुलगा अडला तर सीनियरला फोन करेल का, की चूक लपवेल? नर्सशी कसा बोलेल? एका वर्षी आमच्याकडे फार वरचा स्कोअर असलेला एक उमेदवार होता. मुलाखतीच्या दिवशी तो कोऑर्डिनेटर बाईंशी तुसडेपणाने बोलला. त्यांनी ते शांतपणे सांगितलं आणि त्याचं नाव यादीतून गेलं. त्याच यादीत वरच्या पाचात २३० च्याही खालचा स्कोअर असलेली एक मुलगी होती. तिचं पत्र तिच्याबरोबर महिनाभर काम केलेल्या एका फिजिशियनने लिहिलं होतं, आणि एका मरणासन्न रुग्णाच्या नातेवाइकांशी ती कशी बोलली याचं त्यात साधं, सविस्तर वर्णन होतं. आमच्या चाळणीत ती बसत नव्हती. त्या फिजिशियनने फोन करून सांगितलं म्हणून तिचा अर्ज वर काढून वाचला गेला. पुढे ती चीफ रेसिडेंट झाली.

तर स्कोअर तुला वाचणाऱ्या माणसाच्या टेबलापर्यंत नेतो. तिथून पुढे त्याचा जोर झपाट्याने ओसरतो.

आता तुझे २३७. स्टेप २ सीकेची पास होण्याची रेषा १ जुलै २०२५ पासून २१८ आहे, त्याआधी २१४ होती, २०२२ च्या जुलैपूर्वी २०९. तिथल्या विद्यार्थ्यांची सरासरी २५० च्या आसपास असते. म्हणजे तू रेषेच्या बरीच वर आहेस आणि सरासरीच्या खाली आहेस. दोन्ही गोष्टी एकदमच लक्षात ठेव, एकच धरून रडू नकोस किंवा हुरळू नकोस. मोजमापात जी चूक गृहीत धरलेली असते ती सहा-सात गुणांची असते. त्यामुळे २३७ आणि २४२ मध्ये ज्ञानाचा फरक आहे असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. चाळणी मात्र २४० ला लावलेली असेल तर २३७ तिच्यावरच अडकतो. हा अन्याय आहे, तो मी तिथे बसूनही बोलून दाखवला आहे, पण तो आहे. सगळ्यांची चाळणी एका जागी नसते. काहींची २५० वर, काहींची २४० वर, काहींची २३० किंवा २२५ वर, आणि काही ठिकाणी एकदाही नापास न झालेला एवढीच अट.

डर्मटॉलॉजी, ऑर्थोपेडिक्स, रेडिऑलॉजी या शाखांत बाहेरच्या मुलीने २३७ वर अर्ज करू नये, पैसे वाया जातील. मोठ्या विद्यापीठांच्या इंटर्नल मेडिसिनलाही दोन-चारच जागी कर, तेही तुझी तिथे ओळख असेल तर. पण कम्युनिटी हॉस्पिटलांतलं इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, पीडियाट्रिक्स यांत तुझा अर्ज नीट वाचला जाण्यासारखा आहे. २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे उमेदवार आणि हॉस्पिटलं यांचे पसंतीक्रम जुळवून जागा ठरतात त्या प्रक्रियेत, अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी ५८.५ टक्के लागले, २०२५ मध्ये ५८ टक्के. शंभरातले बेचाळीस रिकाम्या हाताने परतले, आणि परीक्षा तर त्या सगळ्यांच्याही झालेल्या होत्या. बाबांशी बोलताना हा आकडा लपवू नकोस.

तू कदाचित विचारशील, परत बसून स्कोअर वाढवता येईल का? नाही. एकदा पास झालेली स्टेप गुण वाढवण्यासाठी पुन्हा देता येत नाही. उलट नापासाची नोंद गुणपत्रकावर कायम राहते, स्टेप १ ची सुद्धा. म्हणून तुझ्या खालच्या वर्गातल्यांना माझा निरोप दे : तयारी नसेल तर तारीख पुढे ढकला, पैसे गेले तर जाऊ देत. स्टेप १ मधला एक नापास हा २३७ पेक्षा कितीतरी महाग पडतो.

आणखी एक, मोठ्याने सांगायची गोष्ट. टेलिग्रामवर जे "रिकॉल" विकले जातात, म्हणजे आधी परीक्षा दिलेल्यांनी आठवून लिहिलेले प्रश्न, त्यांच्या जवळही जाऊ नका. जानेवारी २०२४ मध्ये युएसएमएलईने नेपाळशी संबंधित शेकडो परीक्षार्थींचे निकाल रद्द केले, कारण गुणांचा एकूण आकृतिबंधच संशयास्पद दिसला. त्यात प्रामाणिक मुलंही भरडली गेल्याचं ती मुलं सांगत होती. एका परिसरातून प्रश्न फिरू लागले की संशय सगळ्या परिसरावर येतो. पुण्यातून दर वर्षी किती मुलं बसतात ते तुला माहीत आहे.

मग प्लॅब २? ती मॅनचेस्टरला जाऊनच द्यावी लागते. फी, व्हिसा, विमान, राहणं, शिवाय हल्ली जे अकादमीचे वर्ग लावतात ते धरून जेवढे पैसे जातील, तेवढ्यात अमेरिकेत एक महिन्याचं क्लिनिकल काम होतं. अमेरिकेच्या अर्जाच्या दृष्टीने दुसऱ्याची किंमत अनेक पटींनी जास्त. काहीजण सांगतात की इसीएफएमजीच्या प्रमाणपत्रासाठी प्लॅब २ लागते. तुला लागणार नाही. स्टेप २ सीएस ही प्रत्यक्ष रुग्णतपासणीची परीक्षा २०२० मध्ये कोविडमुळे थांबली आणि २०२१ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागी "पाथवेज" आले. इंटर्नशिप संपवून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची कायम नोंदणी मिळाली की त्या आधारावर पहिल्या पाथवेने तुला जाता येईल, जोडीला ओईटी ही इंग्रजीची परीक्षा. त्या वर्षीच्या अटी मात्र अर्ज करण्याआधी इसीएफएमजीच्या पानावर स्वतः वाच, सीनियरच्या व्हॉट्सॲप मेसेजवर विसंबू नकोस.

इंग्लंडलाच जायचं मनापासून असेल तर प्रश्न वेगळा, आणि उत्तर लहान आहे. तिथेही ट्रेनिंगच्या जागेसाठी प्लॅबचे गुण चालत नाहीत. जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, ट्रेनिंगची निवड एमएसआरए या वेगळ्या परीक्षेवर होते (ती आणखी काही शाखांनाही लागते), बाकी बहुतेक शाखांना पोर्टफोलिओ आणि मुलाखत, आणि शिवाय तुझी क्षमता प्रमाणित करणारा क्रेस्ट फॉर्म. शिवाय २०२५ च्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात तिथल्या सरकारने आपल्या देशातल्या पदवीधरांना ट्रेनिंगमध्ये प्राधान्य देण्याचं जाहीर केलं आहे. प्लॅब पास होऊन महिनोन् महिने साध्या नोकरीची वाट बघणारी मुलं मला पुण्यात भेटतात. "बॅकअप" म्हणून प्लॅब, हा सल्ला दहा वर्षांपूर्वी चालून जायचा. आज तो मी कुणाला देत नाही.

भारताचं सांगायचं तर नीट-पीजीचा रँक आणि त्यावरचं समुपदेशन, संपलं. अखिल भारतीय कोटा असो की आपल्या सीईटी सेलचा राज्य कोटा, बाहेरच्या कुठल्याही परवान्याचे गुण त्यात मिसळत नाहीत. रशिया किंवा फिलिपिन्समधून शिकून आलेल्या मुलांची एफएमजीई सुद्धा ३०० पैकी १५० ला पास, त्यापुढच्या गुणांनी पीजीत काही मिळत नाही. स्टेपसाठी केलेला अभ्यास नीट-पीजीच्या क्लिनिकल प्रश्नांना उपयोगी पडतो, हे खरं. पण दोन्ही परीक्षा एकाच वर्षी देऊन दोन्हीकडे उत्तम करणारी मुलं मी फार थोडी पाहिली आहेत. एक ठरव.

आता मला सगळ्यात तळमळीने सांगायचं आहे ते. माझं पहिलं वर्ष मॅचमध्ये फुकट गेलं होतं. तेव्हा युएसएमएलईचे गुण दोन आकड्यांतही देत असत आणि ९० च्या वर मिळाले की घरात पेढे वाटले जात. माझे तसे होते. क्लिनिकल परीक्षेसाठी तेव्हा फिलाडेल्फियाला जावं लागे, तीही झाली होती. मुलाखती आल्या फक्त दोन, आणि मार्चमध्ये कुठेच नाव नाही. कारण मला नंतर कळलं, समितीत बसल्यावर. मी जोडलेली तिन्ही शिफारसपत्रं चार-चार ओळींची होती : विद्यार्थिनी मेहनती आहे, वर्तणूक चांगली आहे, तिला शुभेच्छा. नोकरीच्या दाखल्यासारखी. मी रोज ज्यांच्या हाताखाली राबले, त्यांना माझ्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांना कुणी विचारलंच नाही, आणि विचारायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

ही परिस्थिती आजही फारशी बदललेली नाही. डीनच्या कार्यालयातून जाणारं एमएसपीई, म्हणजे विद्यार्थ्याच्या कामगिरीचं पत्र, "तुम्हीच टाइप करून आणा, सही करतो" असं अनेक ठिकाणी सांगितलं जातं. मुलं एकाच्या पत्राची नक्कल दुसऱ्याला देतात. एकाच कॉलेजातून एकाच हंगामात आलेली तीन पत्रं मी शब्दशः सारखी पाहिली आहेत. तिन्ही अर्ज बाद झाले, आणि त्यातली किमान एक मुलगी खरोखर चांगली असणार याची आजही मला खंत वाटते.

तुझ्याकडे इंटर्नशिपचे दोन महिने आहेत. त्याचा उपयोग कर. मेडिसिनच्या ज्या युनिटमध्ये तू काम केलंस, तिथल्या ज्या सरांनी किंवा मॅडमनी तुला प्रत्यक्ष काम करताना पाहिलं आहे, त्यांच्याकडे जा. एचओडीच असले पाहिजेत असं नाही. तीन रुग्ण आठवून लिहून ने : मुळशीहून साप चावून आलेला, पावसाळ्यातला डेंग्यूचा, टीबीची औषधं अर्धवट सोडून परत आलेला, जे खरंच तुझ्या हाताखालून गेले असतील ते. तू काय केलंस, कुठे चुकलीस, कुणाला विचारलंस. नाव-गाव लिहू नकोस. सरांना त्यावरून आठवेल आणि पत्र त्यांच्या शब्दांत येईल. ससूनसारख्या ठिकाणी इंटर्न एका महिन्यात जितके आजार पाहते, तितके तिथला विद्यार्थी वर्षात पाहत नाही. पण आपली मुलं मुलाखतीत हे सांगत नाहीत. ती अमेरिकन विद्यार्थ्याची नक्कल करतात आणि स्वतःकडे असलेलं बाजूला ठेवतात.

त्यानंतर अमेरिकेतला अनुभव. नुसतं मागे उभं राहून बघायची ऑब्झर्व्हरशिप सहा ठिकाणी करण्यापेक्षा दोन ठिकाणी कर, पण अशा जागी, जिथे रेसिडेन्सी प्रोग्रॅम आहे आणि जिथला डॉक्टर तुला रोज प्रश्न विचारेल. पैसे घेऊन पत्र "देणाऱ्या" खाजगी दवाखान्यांची पत्रं आम्ही दुरून ओळखत असू. आणि पुण्यात फलक लावून "मॅच गॅरंटी" विकणाऱ्यांना एक रुपया देऊ नकोस. पसंतीक्रमाची यादी संगणक जुळवतो आणि गॅरंटी कुणाच्याच हातात नसते.

खर्चाचं तू विचारलंस म्हणून हिशोबच मांडते. २०२४-२५ च्या हंगामात एका शाखेतल्या पहिल्या ३० अर्जांना प्रत्येकी ११ डॉलर आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० डॉलर असा दर होता. म्हणजे १०० अर्जांचे २,४३० डॉलर, दोन लाखांच्या वर. मुलं घाबरून दोनशे-दोनशे ठिकाणी अर्ज करतात. तू तसं करू नकोस. प्रत्येक प्रोग्रॅमच्या पानावर किमान स्कोअर, पदवीचं वर्ष, व्हिसा याबद्दल काय लिहिलं आहे ते वाच, सध्याचे रेसिडेंट कुठून आले आहेत ते बघ. जिथे गेल्या तीन वर्षांत एकही परदेशी पदवीधर नाही तिथे अर्ज करणं म्हणजे देणगी देणं आहे. इंटर्नल मेडिसिनच्या अर्जात आता पसंतीचे "सिग्नल" देता येतात, ३ सोनेरी आणि १२ रुपेरी. तुझ्या स्कोअरच्या मुलीसाठी हे फार मोलाचे आहेत, कारण सिग्नल आलेला अर्ज पुष्कळ ठिकाणी आवर्जून उघडला जातो. ते नावाजलेल्या विद्यापीठांवर उधळू नकोस.

व्हिसाचं थोडक्यात. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी स्टेप ३ आधी लागते, ती अमेरिकेतच द्यावी लागते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झाल्यापासून हॉस्पिटलं हात आखडता घेऊ लागली आहेत. तू जे-१, म्हणजे प्रशिक्षणासाठीचा व्हिसा, धरून चाल. त्याला आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं, आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं भारतात राहावं लागतं किंवा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करून त्यातून सूट घेता येते. मग स्टेप ३ द्यायची का? २३७ असताना स्टेप ३ पहिल्या फटक्यात पास झालेली दिसली तर समितीला दिलासा मिळतो. पण क्लिनिकल अनुभवाचे पैसे तिच्याकडे वळवून नाही, आणि घाईने तर अजिबात नाही.

एक सांगायचं राहिलं. तू या वर्षी अर्ज केलास आणि लागलं नाही, तर नुसतं घरी बसून पुढच्या सप्टेंबरची वाट बघायची नाही. पदवी होऊन एक वर्ष गेलं याची चाळणीला फारशी अडचण नसते. रुग्णांपासून दूर गेलेल्या वर्षाची असते. पुण्यात आयसीयूत किंवा मेडिसिनच्या वॉर्डात मेडिकल ऑफिसरची नोकरी मिळते. पगार कमी असतो, शिकायला भरपूर मिळतं, आणि त्यातून एक ताजं पत्र मिळतं. मी ते दुसरं वर्ष तसंच काढलं होतं, आणि त्याच वर्षातल्या एका डॉक्टरांच्या पत्राने मला पुढच्या मार्चमध्ये जागा मिळवून दिली.

विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट काढायला उशीर होतो, तो अर्ज याच आठवड्यात टाक. पर्सनल स्टेटमेंट लिहून झालं की कुणाकडून "सुधारून" घेण्याआधी मला दाखव, मला ते तुझ्या भाषेतलं हवं आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी चारनंतर माझी ओपीडी संपते. येताना बाबांनाही घेऊन ये, खर्चाचा कागद आपण तिघं मिळून बघू.